पायाखालच्या जमिनीची ओळख

(लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील छात्राध्यापकांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त भूगोल-शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



थोड्याच दिवसांत आपण स्वतंत्रपणे वर्गापुढे उभे राहणार आहात. आपल्यापैकी काहींनी काल माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. 'नैसर्गिक आपत्ती हा घटक शिकवण्यासाठी साधने कोठून मिळवावीत?' असा प्रश्न तिच्यात होता. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे.

१९९२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. औसा तालुक्यातील एक मुलगा वसतिगृहात राहून माझ्या वर्गात शिकत होता. सुट्टीवरून परतल्यावर त्याने विचारले, "सर, आमच्याकडे रात्री जमिनीतून गडगडाट होतो, मांडणीवरची भांडी वाजतात. हा भूकंप असतो का?" दख्खनचे पठार अतिप्राचीन आणि स्थिर आहे, येथे मोठा भूकंप संभवत नाही, असे मी शिकलो होतो आणि तेच शिकवत होतो. मी त्याला तेच सांगितले. मुलगा खाली बसला. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी अशी गावेच्या गावे मातीमोल झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तो मुलगा वसतिगृहात होता म्हणून वाचला. त्याच्या घरी कोणी उरले नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक जड जाते.

माझी चूक नेमकी कोणती, हे नीट समजून घ्या. भूकंपाची तारीख मला सांगता आली नाही, ही ती चूक नव्हे. ती आजही जगात कोणी सांगू शकत नाही. त्या मुलाचे निरीक्षण खरे होते. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसरात खरोखरच अनेक धक्के बसले होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप याच पठारावर झाला होता, हेही मला ठाऊक होते. तरीही डोळ्यांसमोरचा पुरावा बाजूला सारून मी छापील वाक्याला प्रमाण मानले. विद्यार्थी साधन घेऊन माझ्यासमोर उभा होता आणि मी ते नाकारले.

म्हणून सांगतो, पहिले साधन म्हणजे विद्यार्थ्याचा प्रश्न. दुसरे साधन म्हणजे गावातील वडीलधारी माणसे. आज तुमच्या वर्गातील मुलांना १९९३ ठाऊक नाही; त्यांच्या आजी-आजोबांना आहे. त्या पहाटे कोणती भिंत कोणत्या दिशेला पडली, कोणाचे घर उभे राहिले, जुने गाव कोठे होते, हे मुलांनी विचारून लिहून आणावे. मात्र एक पथ्य पाळा. ज्या घराने माणसे गमावली आहेत, तेथे मुलांना वहीपेन देऊन पाठवू नका. आधी स्वतः जा, बसा, परवानगी घ्या. दुःख हे शैक्षणिक साहित्य नव्हे.

तिसरे साधन भिंत. किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. एवढ्या भूकंपात अन्यत्र इतकी मनुष्यहानी होतेच असे नाही. येथे ती झाली, कारण भूकंपाचे केंद्र उथळ होते, वेळ झोपेची होती आणि घरे तशी होती. दोन बाजूंना दगडांचे दोन थर, मध्ये खडीमाती, त्यांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचा प्रचंड भार. हादऱ्याने दोन्ही थर सुटले आणि छप्पर खाली आले. हे वर्गात दाखवायला एक पैसा लागत नाही. एका लाकडी पाटावर खडे आणि चिखल यांच्या दोन छोट्या भिंती मुलांकडून बांधून घ्या. एकीत ठरावीक अंतरावर लांब काटक्या आरपार घाला, दुसरीत घालू नका. वाळल्यावर वर सारखेच वजन ठेवून पाट हलवा. मुले जे पाहतील ते जन्मभर विसरणार नाहीत. आणि घरी जाऊन वडिलांना विचारतील, "आबा, आपल्या भिंतीत आरपार दगड आहे का?" हा प्रश्न घरोघर पोहोचला, तर तुमचा पाठ यशस्वी झाला असे मी म्हणेन.

चौथे साधन नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत लातूरचा परिसर ५६ बी या पत्रकात आणि नांदेड ५६ ई मध्ये येते. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणावरचे स्थलदर्शक नकाशे मिळवा. ते आता संगणकावरूनही उतरवून घेता येतात. त्यावर मुलाला आधी स्वतःचे गाव शोधू द्या, मग ओढा, मग पांढरी आणि काळी. 'इस्रो'च्या 'भुवन'वरील उपग्रहचित्र शेजारी ठेवा. किल्लारीतील वेधनात काळा बेसाल्ट ३३८ मीटर खोलीपर्यंत लागला, हेही सांगा. म्हणजे आपण ज्याला अढळ भुई म्हणतो, ती एका जुन्या पायावर पसरलेली लाव्ह्याची चादर आहे, हे मुलांच्या लक्षात येईल. २००२ मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला आणि किल्लारीचा परिसर सर्वांत सुरक्षित गटातून तिसऱ्या गटात आला. शास्त्राने आपली चूक दुरुस्त केली. शिक्षकाने का करू नये?

पाचवे साधन पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ज्या मांजरेचे धरण तेव्हा कोरडे पडले होते, त्याच मांजरेच्या काठची शेती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पुराखाली गेली. त्याआधी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या परिसरातील गावांना पाण्याने वेढले. अवर्षण आणि महापूर हे दोन वेगळे पाठ नाहीत, हे मराठवाड्याच्या मुलाला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले समजेल. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा. गावच्या विहिरीची पातळी मोजायला लावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेच महिने आपण धरावेत. विहीर खोदणाऱ्याला वर्गात बोलवा. मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांत पाणी कोठे लागते, हे तो हातात दगड घेऊन सांगेल.

आपल्या पूर्वजांनीही हे निरीक्षण केले होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि भूगर्भातील पाण्याचा शोध घेणारे दकार्गल प्रकरणही आहे. त्यांतील सर्व अनुमाने आज टिकतात असे नव्हे, आणि तसा आग्रहही धरू नये. जमिनीकडे लक्षपूर्वक पाहण्याची वृत्ती मात्र घेण्याजोगी आहे. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र याच वृत्तीचे फळ आहे. नांदेडच्या शिक्षकांनी आपली सहल तेथे न्यावी.

शेवटची गोष्ट अफवेची. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडलाही जाणवला; १० जुलैला पुन्हा तसाच. असा धक्का बसला की "आज रात्री मोठा येणार" असे निरोप फिरू लागतात. अशा रात्री गाव कोणाच्या दारी येते? शिक्षकाच्या. तेव्हा "काही होत नाही" म्हणू नका. ते मी एकदा म्हणून चुकलो आहे. "होणारच" असेही म्हणू नका. "तारीख कोणालाच सांगता येत नाही, पण तडकलेल्या भिंतीजवळ झोपू नका, धाब्यावरची माती उतरवा, विजा कडाडताना झाडाखाली थांबू नका," एवढे ठामपणे सांगता आले पाहिजे.

मित्रहो, साधने विकत घेण्यासाठी निधीची वाट पाहू नका. उद्या पाठ घ्यायला जाल तेव्हा एखादे मूल हात वर करील आणि आपल्या गावातली एखादी विचित्र गोष्ट सांगेल. त्याला खाली बसवू नका. फळ्याजवळ बोलवा, तारीख आणि वेळ लिहून घ्या आणि सगळ्या वर्गाला विचारा, "आणखी कोणी पाहिले?"