थकलेले हृदय सावरू शकते



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाचा पूल चढताना एखाद्या तरुणीला धाप लागली, तर ‘दगदग फार होते’ असे म्हणून घरची मंडळी तिची समजूत घालतात. परंतु ऐन पंचविशीत रक्तदाब वाढलेला असेल आणि एका हाताची नाडी क्षीण लागत असेल, तर स्वस्थ बसणे धोक्याचे आहे.

महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या भिंतींना दाह होऊन त्या अरुंद होण्याचा एक विकार आहे. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याची नोंद केल्यामुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातील पहिले हृदयारोपण १९६८ मध्ये याच डॉ. सेन यांनी केले होते.

महारोहिणी किंवा मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली, की रक्तदाब वाढतो. त्याविरुद्ध झगडताना हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू प्रथम जाड होतो आणि पुढे ताणला जाऊन दुबळा पडतो. मात्र दुबळा स्नायू म्हणजे मृत स्नायू नव्हे. शस्त्रक्रियेने अडथळ्याला वळसा देणारी वाहिनी जोडली किंवा फुग्याने अरुंद भाग रुंद केला, की हृदयावरील भार उतरतो. त्यानंतरच्या आठवड्यांत व महिन्यांत अनेक रुग्णांचे हृदय पुन्हा जोमाने आकुंचन पावू लागते.

या सुधारणेला मर्यादाही आहेत. हृदयाच्या स्वतःच्या रोहिणी बंद होऊन स्नायूच्या जागी व्रण तयार झाला असेल, तर तेवढा भाग पूर्ववत होत नाही. दाह धगधगत असताना केलेली जोडणी पुन्हा अरुंद होण्याची भीती असते. म्हणून शक्यतो औषधांनी दाह शमवून मगच शस्त्रक्रिया करतात. बरे वाटू लागले म्हणून औषधे आपल्या मनाने बंद करणे, हे रुग्णाच्या हिताचे नाही. नियमित तपासणी पुढेही आवश्यकच असते.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा व पायांची नाडीही पाहावी. घाटकोपरचे राजावाडी किंवा विलेपार्ल्याचे कूपर यांसारखी महापालिका रुग्णालये उपनगरवासीयांना जवळची आहेत. तेथे वेळीच पोहोचल्यास थकलेल्या हृदयाला सावरण्याची संधी मिळते.