नागिणीचा विळखा : समज आणि विज्ञान
(हीरक महोत्सवी विज्ञान सप्ताहात केलेले भाषण)



नागिणीचे तोंड व शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस वाचत नाही, असा समज आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. महाराष्ट्रापासून दूर येताना आपण भाषेबरोबर तोही आणला. माझ्या सासूबाईंना नागीण झाली तेव्हा गेरूचा लेप आणि मंत्रोपचार यांत आठ दिवस गेले. मी शिक्षिका असूनही वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहिले. पुरळ सुकले, वेदना मात्र दोन वर्षे राहिली. त्या मौनाची टोचणी अजून आहे, म्हणून आज हा विषय.

नागीण बाहेरून येत नाही. बालपणी कांजिण्या आणणारा विषाणूच ती आणतो. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टरचे डॉक्टर होप-सिम्पसन यांनी सोळा वर्षे आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६५ मध्ये सिद्धान्त मांडला : कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जापेशींत दडून राहतो. पुढील संशोधनाने तो खरा ठरवला.

तो दडतो कसा? हर्पिस कुळातील या विषाणूजवळ सुमारे सत्तर जनुके आहेत. त्यांतील काही प्रथम जागी होतात आणि त्यांची प्रथिने उरलेल्यांना जागे करतात. मज्जापेशीच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो, पहिलीच जनुके मिटलेली राहतात आणि पुढची साखळी सुरू होत नाही. जवळजवळ सारी जनुके मूक असल्याने शरीराच्या रक्षकपेशींना तो सहसा ओळखू येत नाही. औषधेही विषाणूच्या वाढीवरच घाव घालतात. निद्रिस्ताला ती उपटून काढू शकत नाहीत.

वयोमानाने वा आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो जागा होऊन मज्जातंतूवाटे त्वचेपर्यंत येतो. एका बाजूचा मज्जातंतू शरीराच्या त्याच बाजूचा पट्टा सांभाळतो. म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेवर थांबते. विळखा पुरा होत नाही तो मंत्रामुळे नव्हे, शरीररचनेमुळे. क्वचित पुरळ दोन्ही बाजूंना उठले, तरी तो मृत्यूचा संकेत नसतो. मात्र तेव्हा वैद्यकीय तपासणी अधिकच निकडीची असते.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. आम्ही घालवलेले आठ दिवस किती मोलाचे होते, हे मला फार उशिरा उमगले. पन्नाशीनंतर घेता येणारी लसही आज उपलब्ध आहे.

विद्यार्थिमित्रहो, साठ वर्षे ही शाळा परप्रांतात मराठीतून विज्ञान शिकवीत आहे, ते केवळ परीक्षेसाठी नव्हे. आजीच्या भाषेत आजीला समजावता यावे, यासाठीही आहे. तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर नम्रपणे पण वेळेवर बोला. मी बोलले नव्हते.