शीतरक्ती सर्प आणि आपली दक्षता

सर्पाला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो. परंतु उन्हात पहुडलेल्या सापाचे रक्त कोमटच असते. शरीर ऊबदार राखण्याइतकी उष्णता त्याला स्वतः निर्माण करता येत नाही. ती तो उन्हातून आणि जमिनीतून घेतो, एवढाच त्याचा अर्थ. शास्त्रज्ञ अशा प्राण्यांस अनियततापी म्हणतात. या काटकसरीमुळेच एका भक्ष्यावर तो कित्येक दिवस काढतो. (दूध हे त्याचे अन्न नव्हे, हे नागपंचमीला कोण ऐकतो?)

हिवाळ्यातील सकाळी घोणस बांधावर ऊन खात निश्चल पडलेली असते. गारठ्याने तिची चपळाई मंदावते, विष मंदावत नाही. उन्हाळ्यात तीच दिवसा गारव्यात दडते व रात्री हिंडते. रात्री पिकाला पाणी देणाऱ्याने विजेरी आणि बूट यांवाचून शेतात उतरूच नये.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही दंशावर एकच प्रतिसर्पविष चालते. मात्र ते वेळेवर मिळावे लागते. मांत्रिकाच्या दारात गेलेला तास परत येत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा साठा आहे काय, ही चौकशी ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच करावी.