घरच्या उद्योगाचं वेळापत्रक

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्यातूनच पुढे लिज्जत पापड हा उद्योग उभा राहिला. मला त्यांच्या कामाची मांडणी फार मोलाची वाटते. पीठ केंद्रावर मळलं जातं. भगिनी ते घरी नेतात, घरकाम सांभाळून लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड जमा करतात. लाटायची वेळ जिची तिची, जमा करायची मात्र ठरलेली.

एकटीनं फराळ करून विकणारीला असं केंद्र नसतं. ती ठरलेली वेळ तिला स्वतःच आखावी लागते. दिवाळीचंच घ्या. चकलीची भाजणी आधीच दळून ठेवता येते, शंकरपाळे, चिवडा टिकतात. ओल्या नारळाची करंजी मात्र फार आधी करून चालत नाही. या क्रमावरूनच ऑर्डरची शेवटची तारीख काढा, आणि ती जवळच्या नात्यातही मोडू नका. कढई तापलेली असताना फोन घेऊ नका. निरोपांना दुपारी उत्तरं द्या.

"घरीच तर असतेस," असं म्हणणाऱ्यांना कामाचे तास स्पष्ट सांगा. ते सांगणं अवघड जातं, तरी सांगाच. आणि डबे भरणं, पोचवणं, हिशेब लिहिणं यांत जाणारा वेळही किलोच्या दरात धरा.