शाळेस सुट्टी लागली, पुढें काय?

(वार्षिक निकालाच्या दिवशीं शाळेच्या आवारांत जमलेल्या आईबापांपुढें केलेलें भाषण)



आज १ मे. सकाळीं महाराष्ट्र दिनाचें झेंडावंदन झालें, आतां थोड्या वेळानें निकाल वाचला जाईल, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत शाळेस कुलूप. सुट्टी म्हटली कीं मुलांस आनंद होतो. खरें सांगावयाचें तर मास्तरांसही होतो. परंतु हजेरीपट मिटतांना आम्हां शिक्षकांस दरवर्षीं एक धास्ती वाटते, ती आज उघड बोलतों. आपल्याकडचें मूल शाळेंतून सुटतें तें बहुधा उन्हाळ्यांत सुटतें. कोणी काढीत नाहीं, कोणी भांडत नाहीं. मे महिन्यांत पटावर असलेलें नांव जूनमध्यें पुकारलें तर "हजर" म्हणणारा कोणी नसतो. घरीं विचारावयास जावें तर उत्तर मिळतें, "आतां मोठं झालंय तें, गुरुजी."

आपला हा बालाघाटाचा कोरडा डोंगरपट्टा. येथें दोन सालें चालतात, एक शाळेचें आणि एक उसाचें. शाळेचें साल जूनपासून एप्रिलपर्यंत. उसाचें साल दिवाळीच्या सुमारास सुरू होतें, आणि पट्टा पडून टोळ्या परततात तोंवर मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे घरास कुलूप असतें तेव्हां शाळा उघडी, आणि घर उघडतें तेव्हां शाळेस कुलूप. मूल कोपीवर धाकट्या भावंडास सांभाळतें, आई फडांत गेली कीं पाणी आणतें, वाढे गोळा करतें, आणि भागाकार विसरून परीक्षेच्या तोंडावर गांवीं येतें. तें मूल मठ्ठ नाहीं. पांच-सहा महिने ज्याच्या हातीं पाटी नाहीं, तें विसरणारच. पाटलाचें असो कीं मास्तराचें असो, कोणाचेंही विसरेल.

म्हणून आमचें पहिलें मागणें असें कीं, पुढच्या हंगामाचा विचार आजच करा. ज्यांच्या घरीं आजा-आजी आहेत त्यांनीं मूल त्यांच्यापाशीं ठेवावें. अशा मुलांकरितां सरकारची हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ती वेळेवर सुरू व्हावी म्हणून मागणी आधींच नोंदवावी लागते, दिवाळीच्या आदल्या दिवशीं नव्हे. आणि मूल नेल्यावांचून गत्यंतरच नसेल तर जातांना आमच्याकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. जेथें टोळी उतरेल तेथल्या शाळेंत तें दाखवा. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो कीं, दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं, आणि जन्माचा पुरावा नाहीं म्हणूनही नाकारतां येत नाहीं. कोणी मास्तर खेकसला तर त्यास हें नम्रपणें ऐकवा. आम्ही मास्तरच सांगतों.

हा कायदा सुखासुखीं आलेला नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें निवेदन देऊन निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा असें मागितलें. सारा भरतो कुणबी आणि शिकतो दुसराच, हें त्यांचें दुखणें होतें. शाहू महाराजांनीं १९१७ त कोल्हापूर संस्थानांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. आणि साऱ्या देशाला लागू असलेला कायदा अमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं. हिशेब मुलांनींच करावा : १८८२ पासून २०१० पर्यंत किती वर्षें? १२८. इतक्या वर्षांनीं उघडलेलें दार आपण एका उन्हाळ्यांत आपल्याच हातानें लावून घ्यावयाचें काय?

आतां जें बोलावयाचें तें कित्येकांस कडू लागेल. मुलगी सातवी-आठवी झाली कीं आखाजीच्या आगेंमागें तिच्या लग्नाची बोलणीं सुरू होतात. कारण आम्हांस ठाऊक आहे. आईबाप सहा महिने बाहेर, पोरीस कोणाच्या जिवावर सोडावें, ही एक काळजी. आणि दुसरें, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झालें कीं नवा कोयता तयार. पहिली काळजी खरी आहे, तिची थट्टा आम्ही करणार नाहीं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर उसाची मोळी आणि पोटांत मूल, हा त्या काळजीवरचा उपाय नव्हे. कायद्यानें मुलीस १८ व मुलास २१ वर्षें पुरीं लागतात. ग्रामसेवकास तें लग्न थांबविण्याचा अधिकार आहे, आणि १०९८ या नंबरावर मुलगी स्वतः फोन करूं शकते. मुलींनो, हा नंबर आज वहीच्या पाठीमागें लिहून ठेवा. कोणास राग आला तर तो आम्हांवर काढावा, पोरीवर नको.

मग सुट्टींत मुलांनीं करावें काय? कामच करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कुंभाराच्या पोरानें माती मळावी, सुताराच्या पोरानें बापापाशीं बसून रंधा धरावयास शिकावें, शेळ्या वळाव्या. कायदाही घरच्या धंद्यांत, तो धोक्याचा नसेल तर, सुट्टींत हात लावण्यास मना करीत नाहीं. परंतु १४ वर्षांखालील पोर दुसऱ्याच्या हॉटेलांत कपबशा विसळावयास ठेवणें हा गुन्हा आहे. आणि त्या कामाचे रोजचे पैसे एकदां घरांत येऊं लागले कीं जूनमध्यें तें पोर परत आणावयास कोणाचा जीव होत नाहीं, हें आम्हीं फार वेळां पाहिलें.

एक काम मात्र मुलांकडून जरूर घ्या. हे दिवस मुकादमाचा हिशेब होण्याचे आहेत. उचल किती घेतली, किती टन तोड झाली, टनास दर काय, खाडे किती धरले, बाकी काय निघाली, हें सारें चौथीच्या मुलाला वहीवर मांडतां येतें. त्यास जवळ बसवा आणि मांडावयास लावा. मुकादमानें सांगितलेला आंकडा आणि पोरानें काढलेला आंकडा जुळतो का पहा. जुळला तर उत्तम. न जुळला तर शाळेचा उपयोग काय हें कोणी आम्हांस विचारणार नाहीं.

पांचवी-आठवींत कोणी नापास झालें तर त्यास मारूं नका. निकालापासून दोन महिन्यांच्या आंत त्याची पुन्हां परीक्षा होते, आणि तोंवर त्याची तयारी करून घेणें हें आमचें काम आहे. अशा मुलांनीं सोमवारपासून सकाळीं ८ वाजतां, ऊन चढण्यापूर्वीं, देवळाच्या ओसरीवर यावें. पुस्तक नसेल तरी यावें.

आणि ज्यांचीं मुलें येथला शेवटचा वर्ग पास होऊन पुढच्या गांवच्या शाळेंत जावयाचीं आहेत, त्यांनीं दाखल्यासाठीं जूनची वाट पाहूं नये. दाखले लिहून तयार आहेत. आज जातांनाच घेऊन जा, मुलींचे तर आधीं.

आतां निकाल वाचतों. नांव येईल त्या मुलानें आईस किंवा बापास घेऊन पुढें यावें. प्रथम पहिलीचा वर्ग.