गाठी आतून गुलाबी आहेत का?



सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळावेत, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. पुष्कळजण चोळतातही. पण पीक वीस-पंचवीस दिवसांचे झाले, पाने जरा फिकट दिसली, की लगेच युरियाचे पोते फोडले जाते. मग काढणीनंतर मंडळी म्हणतात, "साहेब, पाकिटाचा काही उपयोग झाला नाही." असे का होते, ते आज पाहू.

मुळावरच्या गाठीतून हे जिवाणू प्रथम वेगळे काढले ते हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञाने, १८८८ साली. ते नेमके काम कसे करतात, हे पुढे जनुकांच्या अभ्यासातून उलगडले. जनुक म्हणजे जिवाणूच्या पेशीत साठवलेली कामाची सूचना. पण सूचना असली म्हणजे काम सुरू झाले, असे नाही. विहिरीवर मोटार बसवली, तरी बटण दाबल्याशिवाय पाणी येते का? जनुकांचेही तसेच आहे.

पहिले बटण दाबते ते झाड. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीनसारखी द्रव्ये पाझरतात. ती ओळखून जिवाणूची 'नॉड' नावाची जनुके जागी होतात. जिवाणू उलट निरोप धाडतो, मुळाचे केस वाकतात, जिवाणू आत शिरतो आणि गाठ तयार होते. प्रत्येक पिकाची खूण निराळी. म्हणूनच हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही.

दुसरे बटण गाठीच्या आत. तिथे प्राणवायू कमी असतो. त्यामुळे 'निफ' जनुके जागी होतात आणि हवेतला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात बदलला जातो. हवेत नत्र ७८ टक्के आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. जादा प्राणवायूने हे काम बिघडते, म्हणून गाठीत आपल्या रक्तासारखे एक तांबडे द्रव्य प्राणवायूवर ताबा ठेवते. चालू गाठ आतून गुलाबी दिसते, ती याच द्रव्यामुळे.

आता युरियाकडे वळू. या जिवाणूंना साखर पुरवते झाड. जमिनीत आयता नत्र भरपूर मिळाला, तर झाड गाठी कमी धरते आणि असलेल्या गाठींचे काम मंदावते. कणगी भरलेली असताना मजूर कोण पोसेल? ज्वारी-गव्हाला वापरतो त्या अॅझोटोबॅक्टरमध्येही भरपूर अमोनिया मिळाला की 'निफ' जनुके बंद पडतात. म्हणजे पाकिटाचे पैसे आपणच वाया घालवतो, वर युरियाचा खर्च वेगळा.

हे बटण बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेत लसूणघासासाठी जनुके वाढवलेल्या रायझोबियमला १९९७ मध्ये मर्यादित विक्रीची परवानगी मिळाली. तिथेच मक्यासाठी, खत असतानाही नत्र देत राहणारे, जनुकांत बदल केलेले जिवाणू २०१९ पासून विक्रीला आले. आपल्याकडच्या नेहमीच्या पाकिटात मात्र निवडलेले नैसर्गिक जिवाणू असतात. त्यांना जागे ठेवणे आपल्याच हाती आहे.

त्यासाठी एवढे करा :

१. पाकिटावर आपल्या पिकाचे नाव आणि वापराची मुदत पाहून घ्या. पाकीट उन्हात ठेवू नका.

२. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडू नका.

३. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट. गुळाचे पाणी उकळून, पूर्ण थंड करून त्यात कालवा. सोयाबीनचे साल नाजूक असते, हलक्या हाताने चोळा. सावलीत सुकवून लगेच पेरा.

४. नत्र पेरणीच्या वेळी शिफारशीइतकेच द्या. स्फुरदात हात आखडू नका, गाठींना तो लागतो.

५. पाने पिवळी दिसली तर नीट पाहा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. युरियाने ती जात नाही. पाणी साचले असेल तर आधी चर काढा.

६. पस्तीस-चाळीस दिवसांनी चार-पाच ठिकाणची रोपे खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळे पाण्यात धुऊन गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी असतील तर जिवाणू कामाला लागले आहेत, युरियाचे पोते घरीच राहू द्या. गाठी नसतील किंवा बहुतेक पांढऱ्या निघाल्या, तर रोप घेऊन कृषी सहायकाला दाखवा आणि मगच खताचे ठरवा.

तेव्हा यंदा पोते फोडण्याआधी गाठ फोडून पाहा.