दोन दिवसांची मुंबई

(१९८८ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "डिसेंबरातल्या मुंबई सहलीबद्दल दहा मिनिटं बोल. जे आले नाहीत त्यांना कळेल आणि पुढच्या वेळी उपयोगही होईल." पैशांचा हिशेब खजिनदारांनी मघाशी दिलाच आहे. उरलेला हिशेब मी देते.

सुरुवात १९८७ च्या डिसेंबरपासून करावी लागेल. दहावीत असताना आपली सहल मुंबईला गेली होती. काहींना वर्गणी जमली नाही म्हणून ते आले नव्हते, तेही मला आठवतं. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या बोटीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसले आणि तासभर फक्त उलट्या केल्या. बेटावर उतरल्यावर मला उभंही राहता येईना. सहलप्रमुख असलेले आपले भूगोलाचे सर बाकीच्या शिक्षकांना म्हणाले, "तुम्ही मुलांना घेऊन वर जा, मी हिच्याजवळ थांबतो." तुम्ही सगळे पायऱ्या चढून लेणी बघून आलात. सर आणि मी खाली झाडाच्या सावलीत बसून राहिलो. वर काय काय आहे ते सरांनी मला इतकं छान सांगितलं, की मी विचारलं, "सर, तुम्ही किती वेळा बघितलंय?" सर म्हणाले, "एकदाही नाही. बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी कोणाला तरी ताप आला, त्यापुढच्या वर्षी कोणाचा तरी पाय मुरगळला. सर निवृत्त झाले आणि लेणी राहून गेली. हे मला दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी गेले तेव्हा समजलं. सरांनी ते हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही. सहलीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथे.

ग्रुपवर विचारलं, "दोन दिवस मुंबईला जायचं, काय काय बघू या?" तासाभरात सतरा ठिकाणं आली. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीचा बाग, जुहू, सी लिंक, शिवाय एका नटाचा बंगला! मी वही घेतली आणि प्रत्येक ठिकाणापुढे लागणारा वेळ लिहिला. बेरीज आली ३१ तास. त्यात प्रवास नव्हता, जेवण नव्हतं आणि झोप तर नव्हतीच. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, तासांत मोजावं लागतं. ती बेरीज ग्रुपवर टाकली आणि एकच नियम ठेवला. सीएसएमटी ते गेटवे एवढाच पट्टा, तोही शक्यतो पायी. ज्यांना देवदर्शन करायचं आहे त्यांनी रविवारी दुपारी टॅक्सी करावी, कारण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. थोडी रुसवाफुगवी झाली. ती झाल्याशिवाय आपला वर्ग एकत्र येत नाही.

आता उपयोगाच्या गोष्टी. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि एका फॉर्मवर सहाच जणांची नावं बसतात. आम्ही बावीस जण, म्हणजे चार फॉर्म. सरांचं तिकीट मुद्दाम वेगळं काढलं. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एकट्या किंवा दोघा ज्येष्ठांच्या तिकिटालाच लागतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीचा बाग बुधवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, म्हणून डिसेंबरच बरा. वर्गणीचं असं ठरवलं, की ज्याला जमेल तेवढी त्याने द्यावी आणि कोणी किती दिली ते फक्त खजिनदारांना माहीत असावं. १९८७ ची गोष्ट पुन्हा व्हायला नको होती.

खरा वाद सरांवरून झाला. सर ८१ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. वर सुमारे १२० पायऱ्या. एक जण म्हणाला, "अगं, बोटीत चढताना काही झालं तर जबाबदारी कोणाची?" त्याचं चुकीचं नव्हतं. सरांना संग्रहालयात बसवून आपण जाऊन यावं, असंही ठरत आलं होतं. मला ते पटेना, पण उत्तरही सुचेना. चार दिवस आम्ही भांडलो. मग आपली एक मैत्रीण म्हणाली, "सरांना कोणी विचारलंय का?" कोणीच विचारलं नव्हतं. मी फोन केला. सर म्हणाले, "डॉक्टरांना विचारतो आणि सांगतो." दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, "हळूहळू चढायला हरकत नाही म्हणालेत. तू उलटीची गोळी घे म्हणजे झालं."

महालक्ष्मी एक्स्प्रेसने शनिवारी सकाळी पोहोचलो. स्टेशनाजवळच उतरायची सोय केली होती. आंघोळी, नाश्ता, थोडी विश्रांती आणि मग बाहेर. जे आपल्या वेळी व्हीटी होतं, ते स्टेशन नुसतं समोरच्या फुटपाथवर उभं राहून अर्धा तास बघितलं. १८८८ साली पूर्ण झालेली इमारत, आज जागतिक वारसा. तिथून हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांच्या स्मारकापुढे सगळे आपोआप गप्प झाले. मग राजाबाई टॉवर, काळा घोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे दोन तास ठेवले होते, तीन लागले. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर ओळीने बसून शेंगदाणे खाल्ले. सतरापैकी पाचच ठिकाणं झाली, पण परत काय बघितलं ते प्रत्येकाला सांगता येत होतं.

रविवारी सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडली. समुद्र शांत होता. मी गोळी घेतली होती, तरी सर माझ्याशेजारी पिशवी घेऊन बसले होते! धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पायऱ्यांपाशी डोलीवाले असतात. आम्ही डोली ठरवायला लागलो तर सर म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर जायला अजून वेळ आहे." मग पुढे बोलायची सोयच उरली नाही. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबायचं, पाणी प्यायचं, माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या, पुन्हा निघायचं. पाऊण तास लागला. ज्याने जबाबदारीचा प्रश्न काढला होता, तो पूर्ण वेळ सरांच्या एक पायरी मागे होता, हात न लावता. हे त्याला आवडणार नाही, पण आज सांगून टाकते.

त्रिमूर्तीसमोर गेल्यावर सर काही बोललेच नाहीत. १८-२० फूट उंचीची ती तीन मुखं, सहाव्या शतकाच्या सुमाराची. अंधाराला डोळे सरावले की हळूहळू दिसायला लागतात. आम्हाला वाटलं होतं, सर माहिती सांगतील. सर खांबाला टेकून नुसते बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी तुला त्या दिवशी सांगितलं होतं त्यातलं बरंच चुकलं होतं गं." आणि मग अर्धा तास शिकवलं. अर्धनारीश्वर, गंगाधर, सगळं. शेवटी प्रश्नही विचारला, "घारापुरी कोणत्या जिल्ह्यात?" निम्म्या वर्गाने "मुंबई" सांगितलं. रायगड! पन्नाशी उलटली तरी आपण तसेच.

परतीच्या बोटीत सरांनी सवयीने मुलं मोजली. बावीस भरली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या खेपेला कोणी खाली राहिलं नाही."

सर, तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसला आहात. ३८ वर्षं एक गोष्ट बोलायची राहिली होती. त्या दिवशी माझ्यामुळे तुमची लेणी राहिली, आणि मी साधे आभारही मानले नव्हते. आज सगळ्यांसमोर मानते.

पुढच्या सहलीचं ठिकाण तुम्ही सगळ्यांनी ठरवा. वही माझ्याकडे आहे. फक्त यादी पाठवाल तेव्हा प्रत्येक ठिकाणापुढे तास लिहून पाठवा.